विश्वास, संशय आणि उच्च न्यायालय

माणसाने स्वतःविषयी सांगितलेली हकीकत खरी की खोटी, हे ठरविणे फार कठीण असते. सराफाजवळ सोन्यासाठी कसोटीचा दगड असतो. माणसाच्या शब्दासाठी तसा दगड अद्याप कोणाला सापडलेला नाही. तरीही राज्यकारभाराला हे काम रोज करावे लागते. परागंदा होऊन परक्या देशाच्या दारात उभा राहिलेला मनुष्य सांगतो, ‘मला परत पाठवाल तर माझा जीव जाईल.’ त्याच्याजवळ कागदपत्र नसते, त्याचे साक्षीदार सीमेपलीकडे राहिलेले असतात आणि ज्यांच्या भयाने तो पळाला ते काही त्याला तसा दाखला लिहून देणार नसतात. समोरचा अधिकारी त्याचे बोलणे ऐकतो आणि शेवटी एक वाक्य लिहितो: ‘अर्जदाराचे म्हणणे विश्वसनीय वाटत नाही.’ त्या एका वाक्याने माणसाचे भवितव्य ठरते. असे वाक्य लिहिले गेल्यावर न्यायालयाने त्यात किती हात घालावा, हा आमच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथमदर्शनी हा प्रश्न दूरदेशीचा वाटेल. १९५१ साली जिनीव्हा येथे निर्वासितांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९६७ साली त्याला पुरवणी जोडली गेली. भारताने या दोहोंवरही सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांचा असा स्वतंत्र कायदाही नाही. परंतु नागपूरकरांना निर्वासित हा शब्द परका नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी जरीपटका आणि खामला या वस्त्या गजबजून टाकल्या. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे आज गडचिरोली जिल्ह्यात शेती करीत आहेत. या सर्वांना आपण समूहाने स्वीकारले. एकेकाला उभे करून ‘तुझे भय खरे कशावरून?’ असे विचारले नाही.

मात्र एका बाबतीत प्रत्येकाला स्वतंत्रपणे प्रश्न विचारावाच लागला. पश्चिम पाकिस्तानात मागे टाकलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे नोंदवून तपासण्यासाठी १९५० साली कायदा झाला आणि तपासून ठरलेल्या दाव्यांवर भरपाई देण्यासाठी १९५४ साली दुसरा. त्या काळी सगळे या दाव्यांना ‘क्लेम’च म्हणत. कोणी सांगे, सक्करला माझा दुमजली वाडा होता. कोणी सांगे, हैदराबाद सिंधला माझी पेढी होती. खरेदीखत तिकडेच राहिलेले, शेजारी दहा गावी पांगलेले. अधिकाऱ्याने वाडा पाहिलेला नाही आणि पाहता येणे शक्यही नाही. ज्याने काहीच गमावले नाही त्याने वाडा सांगावा आणि ज्याने वाडा गमावला त्याला तो सिद्ध करता येऊ नये, हे दोन्ही अन्याय संभवनीय होते. कोणाच्याही म्हणण्याची पारख करणाऱ्याला या दोन खड्ड्यांमधून वाट काढावी लागते. सगळ्यांवर विश्वास ठेवला तर लबाडाचे फावते. सगळ्यांवर संशय घेतला तर खरा बुडतो.

आज याच प्रश्नाचे जिवंत रूप पाहण्यासाठी नागपूरकराला शहराबाहेर जाण्याचे कारण नाही. जात पडताळणी समितीच्या दारात ते रोज दिसते. तेथे येणारा मनुष्य प्राणभयाने आलेला नसतो, हा भेद आम्ही विसरत नाही. परंतु विचाराचा सांगाडा तोच आहे. मनुष्य म्हणतो, ‘मी अमुक जमातीचा आहे.’ समिती कागद पाहते, प्रश्न विचारते आणि लिहिते, ‘दावा सिद्ध झाला नाही.’ मग तो मनुष्य सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढतो.

ही समिती आली कोठून? आरक्षणाचा लाभ जातीच्या दाखल्यावर मिळतो आणि दाखला महसुली अधिकारी देतो. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने ठरलेली आहे. त्या यादीत पूर्वी प्रदेशाची बंधने होती. विशिष्ट तालुक्यांत राहणाऱ्यालाच जमातीचा मानले जाई. १९७६ च्या दुरुस्तीने ही बंधने बहुतांशी उठली आणि त्यानंतर नामसाधर्म्यावर आधारलेले दावे वाढले. खोटा दाखला घेऊन एखादा वैद्यकीय महाविद्यालयात शिरला, तर कोणा गोंड किंवा माडिया मुलाची जागा जाते आणि त्या मुलाला हे कधी कळतही नाही. उलट, खऱ्या दाखल्यावर समितीने उगाच संशय घेतला, तर प्रवेशाची मुदत टळते आणि वर्ष वाया जाते. पारडी दोन्ही बाजूंनी जड आहेत.

१९९४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, जे माधुरी पाटील प्रकरण म्हणून ओळखले जाते, देशभरासाठी तपासणीची पद्धत घालून दिली. तीन सदस्यांची समिती असावी, तिच्या हाताशी दक्षता पथक असावे, पथकाने अर्जदाराच्या मूळ गावी जाऊन चौकशी करावी, अहवाल विरुद्ध असल्यास त्याची प्रत अर्जदारास देऊन त्याचे म्हणणे ऐकावे आणि मग कारणांसह निर्णय द्यावा, असे तिचे स्वरूप. पुढे महाराष्ट्राने याविषयी स्वतःचा कायदा केला व तो २००१ च्या ऑक्टोबरात अंमलात आला. या कायद्यानुसार जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे आणि समितीचा निर्णय अंतिम आहे. त्यावर अपील नाही; संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात रिट अर्ज तेवढा करता येतो.

समिती विश्वास ठेवते कशावर? पहिला आधार कागदाचा. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जुन्या मध्यप्रांतात कोतवालाने ठेवलेली जन्ममृत्यूची नोंद म्हणजे कोतवाल बुक, बंदोबस्ताच्या वेळची मिसल, खरेदीखते. यांतही १९५० पूर्वीच्या नोंदीला वजन अधिक. कारण साधे आहे. आजोबांचे नाव १९२० साली शाळेत घालताना पणजोबांना पुढे आरक्षण येणार आहे याची कल्पना नव्हती. खोटे सांगण्यात लाभ नव्हता, म्हणून खोटे सांगितले असण्याचा संभव कमी. साक्षीची पारख करण्याचा हा जुना व शहाणपणाचा नियम आहे: सांगणाऱ्याला त्या वेळी त्यातून काय मिळणार होते ते पाहा.

तथापि जुना कागद म्हणजे वेदवाक्य नव्हे. मास्तरांनी कानावर पडले ते लिहिले. कोणी जात विचारली, कोणी धंदा विचारला आणि रकाना एकच होता. ‘कोष्टी’ हा शब्द विणकराच्या धंद्याचाही आहे आणि जातीचाही. नागपूरच्या विणकर वस्त्यांतील अनेक कुटुंबांचे म्हणणे असे की आमचे पूर्वज हलबा. त्यांनी हातमाग धरला, म्हणून लोक हलबा-कोष्टी म्हणू लागले. हा वाद कित्येक दशके या शहराच्या घराघरांत नांदला आहे.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. ‘हा मनुष्य हलबा आहे काय?’ हा वस्तुस्थितीचा प्रश्न झाला. ‘यादीतील हलबा या शब्दात हलबा-कोष्टी येतात काय?’ हा कायद्याचा प्रश्न झाला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २००० च्या नोव्हेंबरात मिलिंद प्रकरणात दिले. राष्ट्रपतींच्या यादीतील नोंद आहे तशीच वाचली पाहिजे. तिच्यात आणखी कोणी सामावते हे दाखविण्यासाठी पुरावा घेण्याचा अधिकार न्यायालयालाही नाही. यादी बदलणे हे संसदेचे काम आहे. त्या प्रकरणातील विद्यार्थी तोवर वैद्यक शिकून बाहेर पडला होता. त्याचे शिक्षण न्यायालयाने राखले, पण पुढे जमातीचा लाभ नाकारला. २०१७ साली त्याच न्यायालयाने अशा संरक्षणाची वाट अरुंद केली. दाखला अवैध ठरला की त्यावर मिळविलेला लाभ जाणे हा कायद्याचा परिणाम आहे आणि अर्जदाराच्या मनात कपट होते की नव्हते याने तो बदलत नाही, असे सांगितले. त्यानंतर २०१९ च्या डिसेंबरात राज्य शासनाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर वर्ग करण्याचा मार्ग काढला. वीस-पंचवीस वर्षे नोकरी केलेल्या माणसावर आणि त्याच्या घरावर याचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना श्रोत्यांनी करावी; आणि ती जागा ज्या आदिवासी उमेदवाराला मिळावयाची होती त्याचीही कल्पना सोबतच करावी.

विश्वासाचा दुसरा आधार म्हणजे आप्तभाव चाचणी. पथकातील संशोधन अधिकारी अर्जदाराला विचारतो: तुमचे कुलदैवत कोणते, लग्नात कोणते विधी होतात, मृताला पुरता की जाळता, बोली कोणती? उत्तरे जमातीच्या नोंदविलेल्या चालीरीतींशी जुळली तर आप्तभाव आहे, न जुळली तर नाही. ऐकताना हे शास्त्रशुद्ध वाटते. पण तीन पिढ्या शहरात काढलेल्या कुटुंबातील मुलीला बस्तरकडच्या बोलीतील शब्द कोठून ठाऊक असणार? आणि ज्याने लबाडी करावयाचे ठरविले आहे तो ग्रंथालयात बसून सगळे विधी पाठ करून येऊ शकतो. म्हणजे ही चाचणी कधी खऱ्याला नापास करते आणि खोट्याला पास करते.

नेमकी हीच अडचण निर्वासितांच्या चौकशीत जगभर येते. धर्मांतरामुळे छळ झाला असे सांगणाऱ्याला धर्मग्रंथातील प्रश्न विचारतात. अमुक खेड्याचा आहे म्हणणाऱ्याला नदीचे नाव विचारतात. ज्ञानाची परीक्षा घेऊन ओळख ठरविण्याचा हा मोह सार्वत्रिक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, हलबी जमातीच्या दाव्याच्या एका प्रकरणात, ही चाचणी निर्णायक कसोटी मानता येणार नाही असे सांगितले. स्थलांतराने व आधुनिकतेने जुन्या खुणा पुसल्या जातात हे न्यायालयाने मान्य केले. २०२३ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलेल्या तीन न्यायाधीशांच्या निकालाने हीच भूमिका पक्की केली. प्रत्येक दावा दक्षता पथकाकडे धाडण्याचे कारण नाही. कागदांनी समितीचे समाधान होत नसेल तरच धाडावा. तसेच वडील किंवा सख्खा भाऊ यांना रीतसर चौकशीनंतर वैधता मिळाली असेल, तर त्याच रक्ताच्या मुलाला ती सहसा नाकारता येणार नाही. मात्र आधीचे प्रमाणपत्र फसवणुकीने किंवा चौकशीवाचून मिळाले असेल तर गोष्ट वेगळी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समितीने ‘विश्वास नाही’ असे लिहिले. उच्च न्यायालयाने स्वतः सारे कागद उलगडून नव्याने विश्वास-अविश्वास ठरवावा काय?

याचे उत्तर समजण्यासाठी इतवारीच्या सराफ बाजाराचे उदाहरण घेऊ. वजनमाप निरीक्षक दुकानात येतो, तेव्हा तो प्रत्येक गिऱ्हाइकाचे सोने पुन्हा तोलीत बसत नाही. तराजू सरळ आहे काय, वजनावर शिक्का आहे काय, पारड्याखाली मेण लावलेले नाही ना, इतके पाहतो. तराजू सरळ असेल तर तोल दुकानदाराचा. अपील म्हणजे पुन्हा तोलणे. रिट म्हणजे तराजू तपासणे. ही एक गोष्ट उमगली की या शाखेचा अर्धा कायदा उमगला असे समजावे.

या नियमाच्या इतिहासात नागपूरला मानाचे स्थान आहे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत होशंगाबाद मतदारसंघात घटना समितीचे एक सभासद हरि विष्णु कामथ उभे होते. होशंगाबाद तेव्हा मध्यप्रदेशात आणि त्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर. मतपत्रिकांवरून वाद झाला, निवडणूक न्यायाधिकरणाने निर्णय दिला, तो नागपूरच्या उच्च न्यायालयात आला आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५४ च्या डिसेंबरातील त्या निकालात जे नियम मांडले गेले ते आजही वकिलांच्या तोंडी आहेत. अधिकार नसताना निर्णय दिला, किंवा अधिकार वापरताना म्हणणे न ऐकता, नैसर्गिक न्याय मोडून निर्णय दिला, तर उच्च न्यायालय तो रद्द करील. परंतु ते देखरेख करणारे न्यायालय आहे, अपिलाचे नव्हे. म्हणून वस्तुस्थितीचे निष्कर्ष चुकीचे वाटले तरी ते पुन्हा तपासणार नाही. कायद्याची चूक मात्र निर्णयाच्या तोंडावर स्पष्ट दिसत असेल तर ती दुरुस्त करील. १९६३ साली आपल्या साताऱ्याचे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी घटनापीठाच्या निकालात हाच विचार पुढे नेला आणि त्यात मोलाची भर घातली. ग्राह्य पुरावा चुकीने नाकारला, अग्राह्य पुरावा घेतला, किंवा कसलाही पुरावा नसताना निष्कर्ष काढला, तर ती केवळ वस्तुस्थितीची चूक राहत नाही, ती कायद्याची चूक होते. पुरावा पुरेसा होता की नव्हता, हे मात्र खालच्याने ठरवावयाचे.

ही मर्यादा का घालावी? एक तर ज्याने माणसाला प्रत्यक्ष पाहिले, ऐकले, त्याला जे कळते ते फाइलीवरून कळत नाही. दुसरे, विधिमंडळाने ते काम त्या समितीला सोपविले आहे. तिसरे, प्रत्येक प्रकरण मुळापासून पुन्हा चालू लागले तर वादाला अंत राहणार नाही. अमरावतीच्या तत्कालीन खासदार नवनीत राणा यांच्या प्रकरणात हे दिसून आले. समितीने दाखला वैध ठरविला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ च्या जूनमध्ये कागदांची छाननी करून तो रद्द केला. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल बाजूला सारून समितीचा निर्णय कायम केला. समितीने कागद पाहून, संबंधितांना ऐकून कारणे दिली असताना रिट अर्जात पुरावा नव्याने तोलणे योग्य नव्हते, असा त्याचा आशय.

पण मर्यादेची दुसरी बाजूही आहे. ‘मी वस्तुस्थितीत पडत नाही’ असे म्हणून न्यायाधीशाने डोळेच मिटले, तर तराजू वाकडा आहे हे कोण पाहणार? समितीने १९२० ची नोंद पाहिलीच नाही, किंवा पाहिली पण ती का सोडली याचे कारण लिहिले नाही, किंवा उत्तरांतील एका क्षुल्लक विसंगतीवर सारा निर्णय उभारला, तर हा तोलातील फरक नव्हे, तराजूचा दोष आहे. म्हणून अविश्वासाचे कारण लिहिलेच पाहिजे, हा या साऱ्या कायद्याचा प्राण आहे. जो निर्णय कारण सांगत नाही, त्याची तपासणीच करता येत नाही.

आणि चुकीची किंमत जितकी मोठी, तितकी तपासणी डोळसपणे झाली पाहिजे. येथे निर्वासितांच्या खटल्यांनी जगाला धडा दिला आहे. इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभागृहाने १९८७ साली सांगितले की जीवाला धोका असेल तेथे अधिकाऱ्याचा निर्णय अत्यंत काळजीपूर्वक पारखला पाहिजे. कॅनडात भारतातून गेलेल्या काही शीख अर्जदारांना प्रत्यक्ष सुनावणी न देता केवळ लेखी जबाबावरून नाकारले गेले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९८५ रोजी ते निर्णय रद्द केले. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांचे म्हणणे असे की माणसाच्या विश्वसनीयतेचाच प्रश्न असेल, तर त्याला समोर बसवून ऐकल्यावाचून निर्णय देणे मूलभूत न्यायाला धरून होणार नाही. या निकालानंतर कॅनडाला निर्वासितांची सारी चौकशीपद्धतच बदलावी लागली.

आपल्या देशातही हा विचार पोहोचला आहे. आसामात परकीय ठरविल्या गेलेल्या एका माणसाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या जुलैमध्ये निकाल दिला. तेव्हाच्या १९४६ च्या कायद्याने नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार त्याच माणसावर होता. न्यायालय म्हणाले, भार त्याच्यावर असला तरी संशयाला मुळात काही आधार पाहिजे. नुसता आरोप पुरे नाही. मतदारयाद्यांत नावाचे स्पेलिंग बदलणे, वयात वा तारखेत फरक पडणे हे आपल्या देशात सर्रास घडते. तेवढ्यावरून माणसाला खोटा ठरविता येत नाही. ज्यांच्या घरी आजोबांचे नाव एका कागदावर विठोबा, दुसऱ्यावर विठ्ठल आणि तिसऱ्यावर विठू असे लिहिलेले आहे, त्यांना या वाक्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

तात्पर्य काय? विश्वास ठेवणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही, तसेच ते न्यायाधीशाच्या मर्जीवरही सोडलेले नाही. पहिल्याने ऐकावे, सर्व कागद पाहावे, जुन्याला अधिक मान द्यावा, किरकोळ विसंगतीला डोंगर करू नये आणि का मानले किंवा का मानले नाही ते स्पष्ट लिहावे. दुसऱ्याने पुन्हा तोलण्याचा मोह आवरावा, पण तराजू निरखून पाहण्यात कसूर करू नये. नागरिकांनीही आपल्या वाट्याचे काम ओळखले पाहिजे. घरातील जुने दाखले पेटीच्या तळाशी वाळवीला देऊ नयेत आणि समितीपुढे उभे राहताना जे नाही ते सांगू नये. कारण प्रत्येक खोट्या दाव्यामागून खऱ्यावरचा संशय वाढत जातो. खोटे बोलणारा शासनाला फसवितो हे खरेच. पण त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या खऱ्या माणसाचा शब्द तो स्वस्त करून टाकतो, हे त्याहून मोठे नुकसान आहे.